शेवटचे चार पीस

भोसरीत माझं छोटं टूलरूम आहे. तिथली वायरकट, म्हणजे तारेच्या ठिणगीनं धातू कापणारी मशीन, २००६ सालची. मशीन अजून दणकट, पण तिच्या पोटातला कॉम्प्युटर म्हातारा: विंडोज एक्सपी आणि मदरबोर्डात खोचलेली दोन पीसीआय कार्डं (पीसीआय म्हणजे कार्ड खोचायच्या खाचेचा जुना प्रकार). या कार्डांचे ड्रायव्हर एक्सपीच्या पुढे कुणी काढलेच नाहीत. त्यात २०११ पासून इंटेलच्या बहुतेक साध्या चिपसेटमधून, म्हणजे मदरबोर्डावरच्या मुख्य चिपमधून, पीसीआयच गेलं. त्यामुळे दुकानातून नवा बोर्ड आणला नि बसवला, असं होत नाही.

मार्चमध्ये बोर्ड गेला. कपॅसिटर फुगले होते. ते बदलून कारागिरानं चालू करून दिला, पण जाताना म्हणाला, "याच्यावर विसंबू नका." मी घाबरलो आणि मॉडेल नंबर टाकून नेटवर चौकशी केली. दुसऱ्या दिवशी फोन.

"सर, कंपनीनं मॉडेल बंद केलंय. शेवटचा लॉट, चारच पीस उरलेत."

पाठोपाठ व्हॉट्सअ‍ॅपवर लेटरहेडवरचं पत्र. शेवटची ऑर्डर अमुक तारखेपर्यंत, शेवटची डिलिव्हरी तमुकपर्यंत. पार्ट बंद करताना कंपन्या अशी पत्रं खरोखर काढतात, हे मला माहीत होतं. नेमकं तेच नडलं. मुदत पंधरा दिवसांची. आमचे ऑपरेटर मामा म्हणाले, "आधी एकच मागवा." मी म्हटलं, तोवर संपले तर? चार बोर्डांचे ४६ हजार आगाऊ एनईएफटी केले.

खोकी सीलबंद आली. चारही खोक्यांवर सीरियल नंबर एकच! छपाईत चूक असेल, असं मीच मला समजावलं. मामांनी बोर्ड उजेडात धरला. स्क्रूच्या भोकांभोवती गोल चरे होते. हीटसिंकच्या फटीत धुळीचा जाड थर, बाकी बोर्ड लखलखीत, थिनरचा वास मारणारा. स्टिकरवर २०१९, आणि चिपवर कोड ०८४२. त्यातले पहिले दोन आकडे सालाचे, पुढचे आठवड्याचे, म्हणजे २००८ चा ४२वा आठवडा. बोर्ड जोडून चालू केला तर त्यानं बायोसचा, म्हणजे बोर्डाच्या मूळ सेटिंगचा, पासवर्ड मागितला. नव्या कोऱ्या बोर्डाला कुणी पासवर्ड घालून पाठवतं का? कुठल्या तरी ऑफिसच्या भंगारातून उचललेला माल होता. चारपैकी दोन चालूच झाले नाहीत.

मग ते पत्र मी कंपनीच्या अधिकृत वितरकाला मेल केलं. हे पैसे भरण्याआधी करायला हवं होतं, त्याला दहा मिनिटं लागली असती. दोन ओळींचं उत्तर आलं: पत्र खरं आहे, पण २०१३ सालचं, तारखा बदलल्या आहेत. म्हणजे जी "शेवटची संधी" मी पंधरा दिवसांत साधत होतो, ती कित्येक वर्षांपूर्वीच संपलेली.

विक्रेत्याला फोन केला तर "बिल बघा सर, टेस्टिंग वॉरंटी लिहिलंय." खरंच लिहिलं होतं, तळाशी, बारीक. म्हणजे माल घेतानाच तपासायचा, नंतर हमी नाही. त्यानंतर नंबर बंद. ग्राहक आयोगाचं विचारलं तर वकील म्हणाले, धंद्यासाठी घेतलेला माल म्हटल्यावर आधी तोच वाद निघेल. स्वतःच्या पोटापाण्यासाठी घेतला, हे सिद्ध करावं लागेल. पोलिसांनी अर्ज घेतला, पण "हा दिवाणी व्यवहार दिसतो" म्हणाले. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर मी फोन केला तोवर तीन आठवडे उलटले होते. तो फोन पैसे गेल्या गेल्या करायचा असतो.

तुमच्याकडेही अशी जुनी मशीन असेल तर पैसे पाठवण्याआधी बोर्डाचा व्हिडिओ मागा: स्क्रूची भोकं, चिपवरचे आकडे, खोक्यावरचा आणि बोर्डावरचा सीरियल. टाळाटाळ केली तर सोडून द्या. आणि मामांचं ऐका, एकच पीस मागवा.

इंडस्ट्रियल बोर्डवाले पीसीआय स्लॉटचे बोर्ड अजून देतात. एकाचं कोटेशन आलंय, एकाच बोर्डाचे ४१ हजार. त्याच्यावर एक्सपी चालेल हे लेखी मागितलंय, उत्तर यायचंय. मामांनी हार्ड डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, काढून दोन ठिकाणी ठेवलीय. मशीन आत्ता चालू आहे, त्याच कपॅसिटर बदललेल्या जुन्या बोर्डावर.