स्पॉटिफाय प्रीमियम: माझ्या कंट्री-अमेरिकाना यादीसाठी

साताऱ्याहून यवतेश्वरमार्गे कासला जाताना घाटात रेंज जाते, म्हणून प्रीमियम घेतलं. एका मोबाइलवर १०,००० पर्यंत गाणी डाउनलोड होतात; भरपूर झाली.

माझी कंट्री-अमेरिकाना, म्हणजे अमेरिकेतल्या ग्रामीण लोकसंगीताच्या वळणाच्या गाण्यांची यादी, १९२७ च्या अमेरिकेतल्या ब्रिस्टलमधल्या रेकॉर्डिंगपासून सुरू होते: कार्टर फॅमिली, मग जिमी रॉजर्स. कार्टर फॅमिलीतली मेबेल कार्टर अंगठ्याने गिटारच्या जाड तारांवर चाल वाजवते आणि बोटांनी ताल धरते. कितीही वेळा ऐका, एकच बाई वाजवतेय हे पटत नाही! पुढे वुडी गथ्री, मग गिलियन वेल्च. हा क्रम महत्त्वाचा, त्यामुळे शफल बंदच. क्रॉसफेडही (एक गाणं संपता संपता पुढचं त्यात मिसळणं) शून्यावर ठेवा, बँजोचा शेवटचा सूर पुरता विरू दे.

यादीत दुसऱ्यालाही गाणी घालता येतात. वहिनींनी डॉली पार्टन घातली, अगदी योग्य जागी.