हेडफोनवर ऐकलेला बेस

आधी आकडा सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना उगाच सस्पेन्स राहणार नाही. सत्तर हजार. त्यातले पन्नास रोख, वीस यूपीआयनं. बदल्यात मिळालं काय, तर फेंडर या गिटार कंपनीचं नाव लावलेलं एक लाकूड आणि साडेपंधरा किलोचं एक लोखंडी खोकं. ते खोकं आता आमच्या ड्रमरच्या गोडाऊनमध्ये ऑक्टोपॅडच्या स्टँडला टेकू म्हणून वापरात आहे.

मी पुण्यात बेस गिटार वाजवतो. वीसेक वर्षं ऑर्केस्ट्रात काढली. गणपतीतले कार्यक्रम, लग्नातलं संगीत, कोजागिरीच्या मैफली, मधूनमधून नाट्यगृहातला जुन्या गाण्यांचा शो. बेसवाल्याकडे प्रेक्षकांचं लक्ष नसतं. गायक चुकला तर कळतं, बेस बंद पडला तर "काहीतरी पोकळ वाटतंय" एवढंच. पण आपला आपल्याला शौक असतोच. माझा जुना यामाहा अजून उत्तम चालतो, त्याच्याबद्दल एका शब्दाची तक्रार नाही. तरीही जाझ बेस हवा होता. फेंडरनं तो १९६० साली काढला, तेव्हापासून जगातल्या निम्म्या बेसवाल्यांना हा आजार आहे. मला उशिरा झाला, एवढंच.

गणपतीला तीन आठवडे होते. एका जाहिरातीत दिसला: मेक्सिकोत बनलेला जाझ बेस, सनबर्स्ट, सोबत ५०० वॉटचा अमेरिकन हेड, म्हणजे स्पीकर नसलेला नुसता अ‍ॅम्प, दोन्ही मिळून पंचाऐंशी हजार. दुकानातल्या भावापेक्षा बरंच कमी, पण संशय यावा इतकं कमी नाही. हा हिशेब त्यानं नीट केला होता, हे आता कळतं. वीस हजारांना लावला असता तर मी फोनच केला नसता.

फोनवर मुलगा गोड बोलला. पहिल्या मिनिटात 'सर', दुसऱ्यात 'दादा'. मला कुठल्याशा मंडळाच्या कार्यक्रमात ऐकलंय म्हणाला. मग पंचमदांच्या वाद्यवृंदाचा विषय, टोनी वाझ यांचा बेस कसा गाण्याच्या आतून चालायचा वगैरे. वीस वर्षांत माझ्याशी बेसबद्दल इतकं कोणी बोललं नव्हतं. घरी तर नाहीच. खरं म्हणजे मी त्या फोनवरच फसलो होतो, पैसे नंतर गेले.

बाणेरच्या पुढे एका सोसायटीत आठव्या मजल्यावर बोलावलं, रात्री साडेनऊला. "दिवसा ऑफिस असतं दादा." फ्लॅटमध्ये सामान फारसं नव्हतं. एक टेबल, त्यावर तो हेड, खाली एक जड डबा, शेजारी मल्टी इफेक्ट्सचं पेडल आणि चांगल्यातले हेडफोन. कॅबिनेट, म्हणजे स्पीकरचा खोका, नाही. "शेजारी लगेच खाली वॉचमनला फोन करतात, म्हणून सगळं हेडफोनवरच." पटलं. रात्री साडेनऊला कुठल्या सोसायटीत बेस वाजवू देतात?

बेस गळ्यात घातला, पेडलमध्ये जॅक, पेडलमधून हेडमध्ये, हेडमधून कानात. आणि काय सांगू, सूर असा आला की बस. स्वच्छ, गोल, मागे कसलीही खरखर नाही. हात थांबवला की संपूर्ण शांतता.

त्या शांततेनंच मला शंका यायला हवी होती. जाझ बेसचे पिकअप, म्हणजे तारांचा आवाज उचलणारे भाग, सिंगल कॉइल असतात, एकाच वेटोळ्याचे. एकटा पिकअप उघडला की थोडा तरी हम, म्हणजे विजेची घुंई, येणारच, अस्सलातही येतो. पण पेडलमध्ये नॉइज गेट लावलेला होता. हात थांबला की गेट दार बंद करतं, हम बाहेरच राहतो. वाजवत असताना सुराखाली तो झाकला जातो. पेडलचा तो दिवा मला दिसत होता. मला वाटलं, कंप्रेसर असेल.

टेबलाखालच्या डब्याबद्दल मी स्वतःहून विचारलं. "स्टॅबिलायझर दादा, इथे व्होल्टेज फार वरखाली होतं." मी त्याला शाबासकी दिली. वस्तू जपणारा मुलगा आहे, असं मनात नोंदवलं. हे लिहिताना अजून कान गरम होतात.

माझ्या परीनं तपासणी केली, असं नाही की आंधळेपणानं घेतला. हेडस्टॉकमागचा, म्हणजे मानेच्या खुंट्या असलेल्या टोकामागचा, नंबर एमएक्सनं सुरू होणारा होता. कंपनीच्या साइटवर टाकला, नोंद बरोबर निघाली, जाझ बेसचीच. नटपाशी, म्हणजे मानेच्या वरच्या टोकाला तारा टेकतात तिथे, मानेची रुंदी दीड इंच हवी, ती होती. ३४ इंची स्केल, दोन व्हॉल्यूम, एक टोन, सगळं जागच्या जागी. नक्कल करणारा मोजपट्टीनंच नक्कल करतो, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. आणि नंबराचं म्हणाल तर लोक आपला बेस विकताना हेडस्टॉकच्या मागचा फोटो स्पष्ट टाकतात. तिथून नंबर उचलायचा आणि आपल्या लाकडावर छापायचा. नोंद खरी निघणारच, कारण नंबर खराच असतो, फक्त दुसऱ्याच्या वाद्याचा. मी तो नंबर इंटरनेटवर शोधला कधी, तर महिनाभरानं. बंगळुरूच्या एका जुन्या जाहिरातीत सापडला. रंग काळा.

एकदा म्हटलं, मान उघडून बघू का, चारच स्क्रू आहेत. चेहरा असा केला त्यानं, जणू मी त्याच्या लहान मुलाचं ऑपरेशन करू म्हणालो. "फॅक्टरी सेटिंग आहे दादा, एकदा उघडली की तो सस्टेन परत येत नाही." सस्टेन म्हणजे सूर लांबत राहणं. हे साफ खोटं आहे. तारा सैल करून मान काढता येते, पुन्हा नीट बसवली की काही बिघडत नाही. पण त्या वेळी मला तो वाद्यावरचा जीव वाटला. शिवाय कोल्हापूरचा कोणी सकाळी सातला येणार होता म्हणे, टोकन द्यायला तयार. पंचाऐंशीवरून सत्तरला आणला आणि स्वतःवरच खूश झालो. रोख शक्य तेवढी द्या म्हणाला, उरलेले बहिणीच्या खात्यावर. बिल नाही. घरी आल्यावर बायकोनं पहिला प्रश्न तोच विचारला, "बिल कुठाय?" मी म्हटलं, जुन्या वस्तूला बिल नसतं. ती काही बोलली नाही.

स्टॅबिलायझर अर्थातच सौद्यात नव्हता.

घरी छोट्या अ‍ॅम्पवर थोडी खरखर ऐकू आली. आमच्या वाड्याचं वायरिंग माझ्या वडिलांच्या लग्नाच्या वेळचं, त्याच्यावर खापर फोडलं. पहिला कार्यक्रम नाट्यगृहात होता. तिथे हेडची गरज नव्हती, डीआय बॉक्समधून, म्हणजे वाद्य थेट मिक्सरला जोडायच्या डबीतून, सरळ साउंडवाल्याच्या मिक्सरला. सगळे दिवे लावून साउंड चेक केला तेव्हा हम होता, पण चालून गेला. पडदा उघडला, लाइटवाल्यानं संथ गाण्यासाठी दिवे अर्ध्यावर आणले आणि माझ्या चॅनेलमधून मधमाश्यांचं पोळं उठलं. डिमर विजेची लाट कापून कापून दिव्यांना देतो, अर्ध्यावर असताना तो त्रास सगळ्यांत जास्त. निवेदिका हळव्या आवाजात काहीतरी सांगत होती आणि मागे झुंऽऽ चालू. साउंडवाला इंटरकॉमवर, "बेसवाले, तुमचं आहे, व्हॉल्यूम बंद ठेवा." त्यानं खालचा हम कापायचा प्रयत्न केला, पण आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आणि जाड तारेवरच्या तिसऱ्या फ्रेटचा जी हा सूर ४९ हर्ट्झचा. हम कापला की सूरही जातो. अर्धा कार्यक्रम मी जवळजवळ मूकच उभा होतो. पैसे पूर्ण मिळाले, पण पुढच्या शोचा फोन आला नाही.

खरी चाचणी इतकी सोपी आहे की सांगताना लाज वाटते. जाझ बेसचे दोन पिकअप एकमेकांच्या उलट गुंडाळलेले असतात, चुंबकही उलटे. दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडले की दोघांचा हम एकमेकांना खातो, जवळपास नाहीसा होतो. एक थोडा कमी केला की पुन्हा डोकं वर काढतो. इफेक्ट्स न लावता, साध्या अ‍ॅम्पवर, एखाद्या ट्यूबलाइटजवळ उभं राहून दोन्ही खुंट्या फिरवल्या की अर्ध्या मिनिटात कळतं. माझ्या बेसमध्ये दोन्ही पूर्ण उघडले की हम दुप्पट व्हायचा. अर्थात ही चाचणी पास झाली म्हणजे वाद्य अस्सल, असंही नाही. चांगली नक्कलही पास होईल. पण नापास झालं तर तिथूनच नमस्कार करून निघावं.

हेडची पाळी बारा दिवसांनी आली, मुंढव्याच्या एका लॉनवर. मुलीकडचं संगीत, साउंडवाल्याकडे बेससाठी अ‍ॅम्प नव्हता म्हणून माझा हेड आणि ड्रमरकडे ठेवलेलं कॅबिनेट टेम्पोतून नेलं. स्विच टाकला. फट्ट. मग असा वास, की केटरिंगवाला धावत आला, त्याला वाटलं त्याचंच काही जळलं. नवरीच्या मामांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "तुमच्याशिवाय चालेल ना?" चालतं, हेच तर दुःख आहे. की-बोर्डवाल्यानं डाव्या हातानं बेस धरला आणि संगीत पार पडलं.

दुसऱ्या दिवशी पासोड्या विठोबापाशी एका ओळखीच्या इलेक्ट्रॉनिक्सवाल्याकडे खोकं नेलं. त्यानं आधी स्क्रू ड्रायव्हर घेतलाच नाही. मागच्या बाजूला वायर लागते तिथे एक चकचकीत गोल स्टिकर होता, 'तपासले' असं लिहिलेला. तो नखानं खरवडला. खाली छापलेलं होतं: १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. आपल्या भिंतीत २३० व्होल्ट. आत कपॅसिटर फुटून पसरलेले, आणि फ्यूजच्या जागी कोणीतरी जाड तार वळून बसवलेली. फ्यूज असता तर तोच गेला असता, बाकी वाचलं असतं. म्हणजे हा हेड पूर्वीही कोणीतरी एकदा असाच लावला असणार. टेबलाखालचा तो डबा स्टॅबिलायझर नव्हता, २३०चे ११० करणारा ट्रान्सफॉर्मर होता. हेडफोनपुरता तेवढा पुरतो.

"हल्ली सगळं मोबाइलच्या चार्जरसारखं असतं, कुठेही चालतं," असं तो मुलगा मधेच म्हणाला होता. काही नव्या हलक्या हेडच्या बाबतीत हे खरंही आहे. माझं खोकं साडेपंधरा किलोचं, आत लोखंडी ट्रान्सफॉर्मर. वजनच सांगत होतं. ५०० वॉटचंही तसंच: ते ४ ओहमचा स्पीकर जोडला तर, माझं कॅबिनेट ८ ओहमचं, म्हणजे हेड धड असता तरी त्याच्या निम्म्याच्या आसपासच मिळाले असते. पण यात त्याचं खोटं नाही, माझं न वाचणं आहे.

बेस घेऊन कॅम्पात अंकलकडे गेलो. चाळीस वर्षं गिटारी दुरुस्त करतात. त्यांनी मान काढली. खालच्या खाचेत ना शिक्का ना तारीख. पिकगार्ड उचललं तर रंगाच्या कडेला प्लायवूडचे थर, दरवाजाच्या फळीसारखे. पिकअप उलटा केला: तारांखालच्या सळया नुसत्या पोलादी, खाली चिकटवलेली चुंबकाची पट्टी. अस्सलात सहसा त्या सळयाच चुंबक असतात. व्हॉल्यूमच्या खुंटीखालचा भाग बोटाच्या पेराएवढा, स्वस्तातला.

"किती दिले?"

मी बेसचे बेचाळीस सांगितले. हेडचं काढलंच नाही.

अंकल थोडा वेळ बेसकडे बघत राहिले. "मान मात्र सरळ आहे हां," म्हणाले. सांत्वनाची ही त्यांची पद्धत.

मुलाचा फोन बंद. फ्लॅट दिवसाच्या भाड्यावर मिळणारा निघाला, वॉचमननं तीन वेगवेगळी नावं सांगितली. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, पण पैसे जाऊन तीन आठवडे झाले होते. त्या नंबरचा उपयोग ताबडतोब केला तर होतो, खात्यात रक्कम पडून असताना. 'बहिणीचं' खातं तोवर रिकामं होतं. चौकीत अर्ज दिला. मी बोलताना चारशे वीस म्हणालो, हवालदारसाहेबांनी सुधारलं, आता भारतीय न्याय संहितेचं ३१८. पोच घेतली आहे. रोख पन्नास हजारांचा पुरावा काय, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. चॅट होतं, त्यात मी लिहिलेलं "मजा आ गया भाई" होतं.

आमचा की-बोर्डवाला म्हणाला, गप्प बस आणि तीस हजारांना काढून टाक, नोंद खरी निघतेच ना. दोन दिवस हा विचार डोक्यात होता, खोटं कशाला बोलू. फोटोही काढले होते.

शेवटी अंकलनी नवे पिकअप बसवले, आतून तांब्याची पट्टी लावली, सोल्डरिंगचे डाग नीट दिले. खर्च साडेसहा हजार. आता दिवे अर्ध्यावर आले तरी हम नाही. अर्ज प्रलंबित आहे, पुराव्यातली वस्तू म्हणून लोगो घासून काढता येत नाही, म्हणून त्यावर काळी टेप लावली आहे. परवा चिंचवडला साउंड चेकला नवीन पोरगा होता. सूर ऐकून खाली स्टेजशी आला, टेपकडे बघत म्हणाला, "दादा, कुठली कंपनी?"

म्हटलं, "प्लायवूड."