साम्राज्ये का फुटतात : धरमपेठेतील एका व्याख्यानमालेविषयी

धरमपेठेतील एका वाचनालयाने राजेशाह्यांच्या अस्तावर घेतलेली सशुल्क व्याख्यानमाला मी पूर्ण ऐकली. मराठीतून या विषयाची इतकी कसून मांडणी नागपुरात क्वचितच ऐकायला मिळते. स्पर्धा परीक्षांच्या गाईडांत ऑस्ट्रिया-हंगेरीचा निकाल 'राष्ट्रवादाचा उदय' या एकाच कारणावर लावलेला असतो. वक्त्यांनी तो मोह टाळला, हे या मालेचे खरे बळ.

सर्वांत सरस व्याख्यान हॅब्सबुर्ग साम्राज्यावरचे, म्हणजे हॅब्सबुर्ग घराण्याच्या ऑस्ट्रिया-हंगेरीवरचे होते. चेक, पोलिश आणि क्रोएशियन सैनिक 1914 पासून चार वर्षे सम्राटासाठी लढत होते, मग 1918 च्या ऑक्टोबरात काही दिवसांतच सारे विस्कटले कसे, या प्रश्नाचा माग काढत ते धान्यापाशी येऊन पोहोचले. ऑस्ट्रिया आणि हंगेरी यांच्यातील 1867 च्या तडजोडीने हंगेरीला स्वतंत्र सरकार मिळाले होते. युद्धकाळात त्या सरकारने आपले धान्य ऑस्ट्रियाकडे जाण्यावर निर्बंध घातल्यामुळे व्हिएन्नातील पिठाचे रेशन घटत गेले आणि जानेवारी 1918 मध्ये ते आणखी कापताच कामगार संपावर गेले. 16 ऑक्टोबरला सम्राट कार्ल यांनी संघराज्याचा जाहीरनामा काढला खरा, पण त्यातून हंगेरीचा प्रदेश वगळला. 28 तारखेला प्रागमध्ये चेकोस्लोव्हाकिया या नव्या राष्ट्राची घोषणा झाली. कोणत्या दिवशी कोणता प्रांत सुटला, हे पडद्यावरील नकाशावर तारीखवार दाखवल्यामुळे तो वेग अक्षरशः डोळ्यांपुढे उभा राहिला.

नागपूरकर भोसल्यांची गादी 1854 मध्ये डलहौसीने खालसा केली असली, तरी 1817 च्या सीताबर्डीच्या लढाईनंतरच तिचे स्वातंत्र्य संपले होते, हे प्रतिपादन मला पटले. मात्र भोसले घराण्यातील राणी बाकाबाईंनी खालसा धोरणाविरुद्ध दिलेल्या लढ्याला आणि राजवाड्याच्या हत्ती-घोड्यांच्या लिलावाला दोन वाक्यांत उरकणे या शहरात तरी योग्य नव्हते.

ऑटोमन सल्तनत, जी 1 नोव्हेंबर 1922 रोजी रद्द झाली, तिच्या वाट्याला फारच थोडा वेळ आला. वाटलेल्या टिपणातील नकाशाही इतका बारीक छापला आहे की ऑस्ट्रियाच्या गॅलिशिया आणि बुकोव्हिना या प्रांतांची नावे वाचताच येत नाहीत. शुल्क मात्र वाजवी आहे, प्रश्नोत्तरांत कोणालाही घाईने गप्प केले जात नाही, आणि इतिहासाच्या पदवी अभ्यासक्रमातील विद्यार्थ्यांनी पुढील सत्राला नाव अवश्य नोंदवावे.