कोलंबसला (इंडियाना) चाललाय? आधी सेन्सस ब्युरोचं क्विकफॅक्ट्स बघा

पुण्याहून कमिन्स या इंजिन बनवणाऱ्या कंपनीच्या कामासाठी कोलंबसला जाणारे खूप जण आहेत आणि सगळ्यांचे प्रश्न तेच, गाव कसंय, भाडं किती, आपली माणसं आहेत का. व्हॉट्सॲपवर विचारलं की जो तो वेगळाच आकडा सांगतो, त्यापेक्षा अमेरिकेच्या सेन्सस ब्युरोचं (जनगणना खात्याचं) क्विकफॅक्ट्स हे वेबपान उघडा. फुकट आहे, लॉगिनची भानगड नाही, 5,000 च्या वर वस्ती असलेलं कुठलंही गाव मिळतं. फक्त शोधताना इंडियाना लिहा, ओहायोचं कोलंबस वेगळं आणि खूप मोठं आहे.

लोकसंख्या, वय, शिक्षण, घराची किंमत, भाडं, कामावर जायला लागणारा वेळ, सगळं एका पानावर येतं, आणि भारी म्हणजे गाव, त्याची बार्थोलोम्यू काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखी) आणि अख्खं इंडियाना शेजारीशेजारी लावून बघता येतं. 2010 ला गावात 44,061 लोक होते, 2020 ला 50,474. इंडियानाच्या निम्म्याहून जास्त काउंट्यांमधली वस्ती त्याच दहा वर्षांत घटली, त्यामुळे ही वाढ साधी नाही. एशियन लोकांचा टक्का राज्याच्या कितीतरी पट, पदवीधरही जास्त. असं का, ते मात्र हे पान सांगत नाही. कमिन्स 1919 मध्ये याच गावात सुरू झाली, हेडऑफिस अजून इथेच, शिवाय टोयोटाचा फोर्कलिफ्टचा कारखाना आहे, म्हणजे गाव कारखान्यांवर चालतं आणि इंजिनियर बाहेरून येतात. आय. एम. पेई या नामवंत आर्किटेक्टने डिझाइन केलेली लायब्ररी एवढ्याशा गावात आहे, हेही आकड्यांत कुठे दिसणार!

आता खरी अडचण. उत्पन्न आणि भाड्याचे आकडे एका वर्षाचे नसतात. 65,000 पेक्षा कमी वस्तीच्या गावाला पाच वर्षांच्या सर्व्हेचा एकत्र अंदाजच मिळतो, आणि भाडी चढत असताना तो आकडा आजच्यापेक्षा कमीच दिसणार, त्यावर बजेट ठरवलंत तर तिकडे गेल्यावर खिसा रिकामा. बजेटसाठी आत्ताच्या भाड्याच्या जाहिराती बघा, क्विकफॅक्ट्स दोन गावांची तुलना करायला वापरा.

दुसरं म्हणजे एशियन या एकाच रकान्यात भारतीय, चिनी, जपानी सगळे एकत्र. भारतीय किती ते बघायचं तर ब्युरोच्याच डेटा डॉट सेन्सस डॉट जीओव्हीवर जाऊन टेबल बी02015 काढावं लागतं, तिथे प्रत्येक आकड्याशेजारी मार्जिन ऑफ एरर (आकडा किती इकडेतिकडे असू शकतो ते) असतं ते नीट वाचा, छोट्या गावात ते चांगलंच मोठं असतं. आणि मराठी बोलणारे किती हे शोधत बसू नका, भाषांच्या सविस्तर टेबलातसुद्धा मराठी नेपाळीबरोबर एकाच रकान्यात टाकलीये. याचं मला खरंच वाईट वाटतं.

तरी माझ्याकडून पाचपैकी चार स्टार.