लुइझियाना स्टेट कॅपिटॉल, बॅटन रूज: बघायला गेलो बिल्डिंग, भेटला ह्यूई लाँग (४/५)

ह्यूस्टनहून न्यू ऑर्लिन्सला चाललो होतो, आई भारतातून आलीये, तिचे पाय आखडले म्हणून मध्ये लुइझियानाच्या राजधानीत, बॅटन रूजला थांबलो आणि अर्धा दिवस तिथेच गेला. कॅपिटॉल म्हणजे राज्याचं विधान भवन, बघायला तिकीट वगैरे काही नाही. बिल्डिंग ३४ मजली, ४५० फूट, अमेरिकेतल्या सगळ्या राज्यांच्या कॅपिटॉलमध्ये सगळ्यात उंच. २७व्या मजल्यावरच्या गॅलरीतून मिसिसिपी मस्त दिसते आणि बाजूला भलीमोठी रिफायनरी.

पण खरी मजा खाली आहे. ही बिल्डिंग बांधून घेतली ह्यूई लाँगने. विनफिल्ड गावचा पोरगा, आधी दारोदार डालड्यासारखं काहीतरी विकायचा, मग वकील, आणि १९२८ ला वयाच्या ३४व्या वर्षी गव्हर्नर, म्हणजे आपल्याकडच्या मुख्यमंत्र्यासारखा (मजलेही ३४, योगायोगच म्हणायचा). रस्ते केले, पूल बांधले, शाळेतल्या पोरांना पुस्तकं फुकट दिली. आई जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेली, पुस्तकांचं ऐकलं आणि तिथेच तिने त्याला पास करून टाकलं. मी म्हटलं अगं थांब, सरकारी नोकरांच्या पगारातून पक्षासाठी पैसे कापून घ्यायचा हा, १९२९ मध्ये महाभियोग आला तर राज्याच्या सिनेटमधल्या १५ जणांकडून आधीच लिहून घेतलं की काहीही झालं तरी आम्ही याला दोषी ठरवणार नाही, आणि नंतर स्वतः देशाच्या सिनेटवर निवडून वॉशिंग्टनला गेला तरी इथली सूत्रं सोडली नाहीत. आई म्हणे, "मग आपल्याकडे काय वेगळं असतं? याने निदान पुस्तकं तरी दिली."

८ सप्टेंबर १९३५ ला गव्हर्नरच्या ऑफिसजवळच्या कॉरिडॉरमध्ये त्याला गोळी लागली, दोन दिवसांनी गेला, वय फक्त ४२. गोळी झाडली म्हणतात डॉ. कार्ल वाइसने. त्याच्या सासऱ्याची, म्हणजे जज पेव्हींची, खुर्ची घालवायचा लाँगचा डाव चालला होता. बॉडीगार्डांनी वाइसची तिथल्या तिथे चाळण केली, त्यामुळे लाँगला नक्की कोणाची गोळी लागली यावर अजून वाद आहे. संगमरवरात टवके उडालेत ते दाखवतात, आईने एका खड्ड्यात बोटाचं टोक घालून बघितलं आणि पटकन काढून घेतलं.

समोरच्या बागेत त्याची कबर, वर पुतळा, तोंड बिल्डिंगकडे. म्हणजे मेल्यावरही लक्ष ठेवून आहे बाबा.

भारतीय वंशाचा बॉबी जिंदाल पण इथलाच गव्हर्नर, २००८ ते २०१६, त्याच्याबद्दल आईला काही विशेष वाटलं नाही.

एक स्टार कापलाय तो जेवणाचा, त्यात कॅपिटॉलचा काही दोष नाही. जवळच एका ठिकाणी रेड बीन्स अँड राइस म्हणजे राजमा-चावलच की असं समजून आईला घेऊन दिलं तर आत सॉसेज, तिने नुसता ब्रेड खाल्ला. शाकाहारी असाल तर डबा घेऊन जा.

पुढच्या पायऱ्यांवर राज्यांची नावं कोरलीत, जे राज्य आधी सामील झालं ते आधी, अलास्का आणि हवाई दोघं एकाच पायरीवर दाटीवाटीने. गुडघे दुखत असूनही आईने मोजत मोजत २८वी गाठली, टेक्सास, आणि म्हणाली, इथे काढ माझा फोटो.