पेटीला कोणता फोम, तानपुऱ्याला कोणता? मुंबईत वाद्याची केस भरून घेण्याआधी

फोमच्या दुकानात जाऊन ‘वाद्याच्या केसमध्ये घालायला फोम हवाय’ म्हटलं, की समोरून पहिला प्रश्न येतो ‘किती एमएम?’ आणि दुसरा ‘किती डेन्सिटी?’ (म्हणजे एका घनमीटर फोमचं वजन किती किलो). दोन्ही प्रश्न रास्तच, पण सोफ्याच्या धंद्यातले. वाद्याचं वजन किती आणि केसमध्ये ते कुठे कुठे टेकणार, हे सहसा कोणी विचारत नाही. निवड खरं तर त्यावरच ठरते. एकच फोम पेटीला (म्हणजे हार्मोनियमला) उत्तम आणि तानपुऱ्याला कुचकामी असू शकतो.

बाजारात आपल्या कामाचे चार प्रकार मिळतात. गादी-सोफ्यात असतो तो मऊ पीयू फोम. नव्या फ्रिज-टीव्हीच्या खोक्यातून निघतो तो पांढरा, हलका, चुरचुर वाजणारा ईपीई. त्याचाच थोरला भाऊ एक्सएलपीई: बारीक पेशींचा, हाताला गुळगुळीत. सह्याद्रीत भटकणाऱ्यांची कॅरीमॅट बऱ्याचदा याच जातीची असते. आणि चौथा ईव्हीए, चपलांच्या सोलचा, रबरासारखा घट्ट. थर्माकोल मी यात धरलेला नाही. व्हायोलिनच्या बऱ्याच केसचं कवच त्याचं असतं आणि तिथे ते शोभतं, पण गादी म्हणून ते एका दणक्यात तुटतं आणि पुढच्या वेळी कामाला येत नाही.

आधी थोडं गणित

हातातून सुटलेली केस साधारण 75 सेंटीमीटरवरून पडते असं धरू. आतला फोम 25 मिलीमीटर जाड असेल आणि निम्मा दबला, तर वाद्याला थांबायला साडेबारा मिलीमीटर मिळतात. 75 सेंटीमीटरचा वेग तेवढ्यात जिरवायचा म्हणजे वाद्यावर त्याच्या वजनाच्या साधारण 60 पट जोर येतो. फोम 50 मिलीमीटरचा असेल तर तोच आकडा 30 वर येतो. म्हणजे जाडी दुप्पट, दणका निम्मा. वर महागडी मखमल लावली म्हणून यात काही फरक पडत नाही.

मात्र यात एक अट आहे: फोम दबला पाहिजे. फार मऊ असेल तर तो वजनाखाली आधीच बसलेला असतो आणि पडल्यावर वाद्य थेट लाकडावर आपटतं. फार कडक असेल तर दबतच नाही, तेव्हा फोम असून नसल्यासारखा. म्हणून ‘जास्त डेन्सिटी म्हणजे जास्त सुरक्षा’ हे दुकानातलं ठरलेलं वाक्य इथे लागू पडत नाही.

पेटी

पेटी जड आणि तळाला सपाट. दहा किलोची पेटी धरा, तळ 60 बाय 30 सेंटीमीटर. हे वजन पूर्ण तळावर पसरलं तर दर चौरस सेंटीमीटरला जेमतेम साडेपाच ग्रॅम भार येतो. एवढ्याशा भाराला ईपीई किंवा एक्सएलपीई दबायलाच तयार नसतो. केसच्या तळाला अखंड ईपीईची पत्री अंथरून लोक निर्धास्त होतात, पण पेटी त्यावर जवळजवळ फळीवर ठेवल्यासारखीच असते.

तोच ईपीई चार कोपऱ्यांत 10 बाय 10 सेंटीमीटरच्या ठोकळ्यांत लावला की भार चौपटीहून जास्त होतो, 25 ग्रॅमपर्यंत जातो, आणि फोम कामाला लागतो. माल कमी लागतो आणि काम जास्त होतं. दुकानदाराला हे पटवताना थोडा वेळ जातो, तेवढा द्यावा.

पीयूचं उलट आहे. 32 किंवा 40 डेन्सिटीचा, 50 मिलीमीटर जाडीचा पीयू पूर्ण तळाला अंथरला तर तो पेटीच्या भाराला छान दबतो. पहिल्या दिवशी पीयूच सरस वाटेल. पण पेटी रोज त्यावर बसणार, आणि पीयूला कायमचं बसायची सवय असते. वर्षा-दोन वर्षांनी 50 चा 40 झालेला दिसला तर आश्चर्य नको.

माझं मत विचाराल तर पेटीखाली एक्सएलपीईचे ठोकळे आणि बाजूंना पातळ पीयू. एक्सएलपीई ईपीईपेक्षा महाग पडतो, पण तोच ठोकळा पुन्हा पुन्हा दबून पुन्हा वर येतो. ईपीई काही दणक्यांनंतर चुरगळलेला राहतो. बाजूंचा फोम लावताना भात्याच्या बाजूला मोकळी जागा सोडा, आणि पुढचे खटके फोममध्ये रुतणार नाहीत असं बघा. झाकणाच्या फोमने वाजवायच्या पट्ट्या दाबल्या जात असतील तर तो फोम कापून टाका. वाहतुकीत तासन्तास दाबलेल्या पट्ट्या आणि त्यांच्या स्प्रिंगा खूश नसतात.

तानपुरा आणि सतार

इथे हिशेब पूर्ण बदलतो. वजन कमी, आकार गोल, आणि जीव एका सांध्यात: गळ्याशी, जिथे भोपळा आणि दांडी जुळतात. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिथल्या कारागिरांकडे भोपळे येतात ते पंढरपूरच्या बाजूने. असा वाळवलेला भोपळा दिसतो दणकट, पण एकाच बिंदूवर जोर आला की त्याला चीर जाते.

तयार केसमध्ये नेहमी दिसणारी गोष्ट म्हणजे भोपळ्यासाठी खोल मऊ खड्डा आणि दांडीखाली काहीच नाही. केस आपटली की दांडी वल्ह्यासारखी हलते आणि सगळा पीळ गळ्यावर येतो. त्यामुळे पहिला आधार दांडीला द्यायचा, एक गळ्याच्या अगदी जवळ आणि दुसरा खुंट्यांच्या अलीकडे. हे आधार एक्सएलपीईचे, दांडीच्या गोलाईप्रमाणे कापलेले. भोपळ्याला मात्र रुंद वाटीसारखी मऊ बैठक हवी, म्हणजे भार पसरतो. इथे पीयूला पर्याय नाही, कारण एवढ्या हलक्या वाद्याखाली कडक फोम दबतच नाही. 25 ते 28 डेन्सिटीचा मऊ पीयू पुरतो, जाडी मात्र 50 मिलीमीटरच्या खाली नको.

आता झाकण. मिटलेल्या केसच्या झाकणाचा फोम घोडीवर (तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीवर) टेकतो का, हे तपासायची सोपी रीत आहे. घोडीवर खडूची थोडी पूड लावायची, झाकण लावायचं, उघडायचं. फोमवर पांढरा ठसा उमटला तर तिथे खाच काढायची. घोडीवरचा दाब थेट तबलीवर, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी झाकणावर जातो आणि तबली पातळ लाकडाची असते. खुंट्यांनाही तसंच सगळीकडून मोकळं ठेवायचं. खुंटी केसच्या भिंतीला टेकलेली असेल तर दणका बसल्यावर खुंटी तरी मोडते किंवा तिचं भोक तरी फाकतं.

आणखी एक गोष्ट पॉलिशची. लाखेचं पॉलिश उष्णतेने मऊ होतं. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत केस राहिली तर उघड्या फोमची जाळी पॉलिशवर उमटू शकते. रेक्झिनही थेट टेकवू नये, त्यातलं मऊपणा आणणारं रसायन पॉलिशमध्ये उतरतं आणि डाग पडतो. मध्ये सुती मखमल किंवा साधं धुतलेलं सुती कापड हवं. मंगळदास मार्केटमध्ये दोन्ही मिळतं. गडद रंग घेणार असाल तर कापड आधी धुऊन रंग जातो का ते पाहा.

तबल्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. तबला आणि डग्गा एकमेकांवर आदळू नयेत आणि शाईवर (कातड्यावरच्या काळ्या गोलावर) काही दाबून बसू नये, एवढं सांभाळलं की पुरे. दोघांच्या मध्ये ईव्हीएची उभी पत्री चांगली, कारण तिथे दबण्यापेक्षा आडोसा हवा असतो. ईव्हीएचं खरं काम हेच: आडोसे, कोपरे, केसच्या बाहेरचे पाय. गादी म्हणून ती फार कडक.

पावसाळा

पुण्यात किंवा नाशकात राहून हा लेख वाचत असाल तर हा भाग थोडा सैल सोडला तरी चालेल. मुंबईत नाही. पीयूच्या पेशी उघड्या असतात, तो पाणी आणि दमट हवा दोन्ही पितो. दमटपणात त्याचं रसायनच हळूहळू तुटत जातं. आधी चिकट होतो, मग भुगा. जुन्या बुटांचे सोल पावसाळ्यात अचानक गळून पडतात तोच हा प्रकार. पीयूमध्ये पॉलिएस्टर जातीचा लवकर जातो, पॉलिइथर जातीचा दमटपणाला जास्त टिकतो. दुकानदाराला जात माहीत असेल तर पॉलिइथर मागा.

ईपीई, एक्सएलपीई, ईव्हीए तिघांच्याही पेशी बंद. पाणी आत शिरत नाही. पण त्यामुळेच आत आलेलं पाणी कुठे जातही नाही, तळाशी साचून राहतं. भर जुलैत लोकलमधून दादरला उतरून, पाऊस झेलत शिवाजी मंदिर गाठलंत, तर केस लगेच बंद करून कोपऱ्यात ठेवू नका. उघडी ठेवून पंख्याखाली वाळवा.

यावर माझा तोडगा असा की पीयू कधीच चिकटवू नये. कापडाच्या खोळीत घालून व्हेल्क्रोने बसवावा. पीयू ही संपणारी वस्तू आहे. दोन-तीन पावसाळ्यांनी खोळ काढायची, फोम बदलायचा. एक्सएलपीईचे आधार मात्र कायमचे.

चिकटवण्याबद्दल: पीयू आणि ईव्हीए रबर सोल्यूशनने छान चिकटतात. ईपीई आणि एक्सएलपीईवर बहुतेक गोंद धरत नाहीत. ते गरम हवेने वितळवून एकमेकांना जोडतात, नाहीतर खाचेत घट्ट बसवतात. सोल्यूशन लावलेली केस निदान काही दिवस उघडी ठेवा. त्याच्या वाफा पॉलिशला चांगल्या नाहीत, आणि केसच्या कवचात थर्माकोल असेल तर तो सोल्यूशनने विरघळतो.

खरेदी

पीयू घेताना डेन्सिटीचा शब्द प्रमाण मानू नका, वजन करा. एक मीटर बाय एक मीटर, 25 मिलीमीटरची पत्री 32 डेन्सिटीची असेल तर 800 ग्रॅम भरली पाहिजे, 40 ची असेल तर एक किलो. वजन जुळलं तरी कडेचा तुकडा बोटांत चोळून पाहा. भुकटी सुटली तर खडूची पूड मिसळून वजन वाढवलेला माल आहे, तो लवकर बसतो. मग अंगठ्याने दाबून सोडा. खड्डा लगेच भरून आला पाहिजे.

पीयू कुठल्याही उपनगरात गादीवाल्याकडे मिळतो. ईपीई पॅकिंगच्या मालाच्या दुकानात. खोळी आणि अस्तर शिवायचं काम धारावीतले बॅगवाले सफाईने करतात, फक्त त्यांना आधी वाद्याचा कागदावर काढलेला आकार द्या आणि खुंट्या, घोडी, गळा कुठे येतो ते त्यावर खुणा करून दाखवा.

फोम कितीही चांगला असला तरी मऊ बॅगेत तो फक्त ठोकर झेलतो, वजन झेलत नाही. संध्याकाळच्या गर्दीत कोणी केसवर गुडघा टेकला तर सांभाळायचं काम कवचाचं, प्लायवुडचं किंवा फायबरचं. बजेट एकाच गोष्टीला पुरत असेल तर आधी कडक कवच घ्या, आत तात्पुरता साधा पीयू घाला, आणि एक्सएलपीईचे आधार पुढच्या महिन्यात कापून घ्या.