थँक्सगिव्हिंगला काय करायचं आणि काय न्यायचं?

नोव्हेंबरचा चौथा गुरुवार, म्हणजे थँक्सगिव्हिंगचा सण, जवळ आला की अमेरिकेत नव्याने आलेल्या मराठी घरांत दोनपैकी एक प्रश्न असतोच. कुणीतरी जेवायला बोलावलंय, तर न्यायचं काय? किंवा यंदा आपल्याच घरी घाट घालायचाय, तर करायचं काय आणि सोडायचं काय? समोसे नेले तरी लोक आवडीने खातात, त्यात वाद नाही. हा आढावा ज्यांना त्या दिवशीचं खास जेवणच करून बघायचंय त्यांच्यासाठी.

चवीला मी इथे दुसरा नंबर दिलाय. पहिला नंबर ओव्हनचा. बहुतेक घरांत तो एकच असतो आणि टर्की (कोंबडीसारखा मोठा पक्षी), स्टफिंग (पावाचं सारण), कॅसरोल (ट्रेमध्ये भाजलेली भाजी), पाय (सारण भरून भाजलेला गोड पदार्थ) सगळ्यांना त्याच दिवशी तोच हवा असतो. हे न बघता बेत आखला की दुपारचं जेवण रात्रीवर जातं.

तिसरी गोष्ट खास आपली. हा सण कायम गुरुवारीच येतो आणि बऱ्याच मराठी घरांत गुरुवार पाळतात. त्यात कधी कधी मार्गशीर्षही लागलेला असतो. २०२५ साली २७ नोव्हेंबरला मार्गशीर्षातला पहिला गुरुवार आणि थँक्सगिव्हिंग एकाच दिवशी आले. त्यामुळे टर्कीपेक्षा तिच्या आजूबाजूच्या पदार्थांची निवड आपल्याकडे जास्त महत्त्वाची ठरते.

टर्की : आख्खी की नुसता ब्रेस्ट?

आख्खी टर्की टेबलावर आली की जो थाट दिसतो तो ब्रेस्टला, म्हणजे नुसत्या छातीच्या भागाला, नाही, हे आधीच मान्य करू. पण हिशेब बघा. गोठलेली टर्की फ्रिजमध्ये सुटायला दर ४-५ पौंडांना २४ तास लागतात. म्हणजे १२ पौंडांची टर्की रविवारी नाहीतर सोमवारी सकाळीच फ्रीजरमधून खाली यायला हवी. विसरलात तर थंड पाण्यात बुडवून पौंडाला अर्धा तास, आणि दर अर्ध्या तासाने पाणी बदलायचं. म्हणजे सहा तास सिंकची चाकरी. आत हात घालून मान आणि कलेजीची पुडी काढायची. ती पोकळीत कुठे दडवलेली असेल याचा नेम नाही, दोन्ही बाजूंनी चाचपा. मग ३२५ फॅरनहाइटला साधारण तीन तास. मांडीचा जाड भाग १६५ अंशांवर पोचेपर्यंत छातीचं मांस कोरडं पडायला लागलेलं असतं. ही त्या पक्ष्याची रचनाच आहे, करणाऱ्याचा दोष नाही.

हाडासकटचा पाचेक पौंडांचा ब्रेस्ट दोन तासांच्या आसपास होतो, लवकर सुटतो आणि कोरडा न पाडता काढणं सोपं जातं. खाणारी सहा माणसं असतील तर ब्रेस्टच घ्या. दहाच्या वर गेलात, किंवा उरलेल्या हाडांचा दुसऱ्या दिवशी रस्सा करायचा असेल, तर आख्खी. माणशी एक ते दीड पौंड धरायची.

स्टफिंग : पोटातलं की वेगळं?

शिळ्या पावाचे तुकडे, लोणी, कांदा, सेलरीचे देठ, सेजचा सुवासिक पाला आणि स्टॉक (उकळून काढलेलं पाणी). टर्कीच्या पोटात भरलं तर तिचा रस मुरून चव वाढते, पण सारणाच्या मध्यापर्यंत १६५ अंश पोचवायच्या नादात पक्षी सुकतो. वेगळ्या ट्रेमध्ये भाजलं तर वरचा थर कुरकुरीत होतो आणि व्हेजिटेबल स्टॉक घालून शाकाहारी करता येतं. माझं मत सरळ वेगळ्याच्या बाजूने. १९७२ पासून मिळणारं स्टोव्ह टॉप ब्रँडच्या तयार स्टफिंगचं खोकं गॅसवर पाच मिनिटांत होतं, ओव्हनही अडवत नाही, पण त्यात चिकन असतं.

मांस न खाणाऱ्यांनी खोकं उलटून वाचायची सवय ठेवावी. मांसावर आणि बटाट्यावर ओतायची ग्रेव्ही बहुधा टर्कीच्या गळलेल्या रसातली असते. मार्शमॅलो या मऊ, फुगीर गोळ्यांत जिलेटिन (प्राण्यांपासून काढलेला पदार्थ) असतं. पायच्या काही तयार क्रस्टमध्ये (बाहेरच्या पारीत) डुकराची चरबी असते. अमेरिकेच्या दक्षिणेकडे फरसबीतही बेकन (डुकराचं मांस) घालतात. यजमानांना विचारायला संकोच करू नका, उत्तर आनंदाने मिळतं.

बटाटा की रताळं?

कुस्करलेला बटाटा गॅसवर होतो, यातच तो अर्धा जिंकला. रसेट जातीचा बटाटा हलका होतो, युकॉन गोल्ड जातीचा लोण्यासारखा मऊ. हाताने कुस्करा. मिक्सरला लावलात तर खळ होते. ग्रेव्ही शाकाहारी नसेल तर वर नुसतं लोणी सोडा.

रताळ्याच्या कॅसरोलवर मार्शमॅलो पसरायची पद्धत १९१७ च्या सुमारास एका मार्शमॅलो कंपनीच्या पाककृती-पुस्तिकेतून रुजली, आणि हे कॅसरोल जेवणाबरोबरच वाढतात, गोड म्हणून शेवटी नाही. आपल्या जिभेला हे जड जातं. मार्शमॅलोऐवजी पिकान (अक्रोडासारखा सुका मेवा), ब्राउन शुगर आणि लोण्याचा चुरा घातला तर जिलेटिनचा प्रश्न मिटतो आणि चवही सुधारते. लहान मुलं मात्र हिरमुसतील.

फरसबीचं कॅसरोल

हा पदार्थ १९५५ साली न्यू जर्सीतल्या कॅम्डेनला, कॅम्पबेल सूप कंपनीच्या स्वयंपाकघरात डॉर्कस रायली यांनी बसवला. फरसबी, मशरूम सूपचा डबा, दूध, थोडा सोया सॉस आणि वर तळलेला कांदा. चव डब्यातलीच लागते, पण तो कांदा सगळं निभावून नेतो. ३५० अंशांना अर्ध्या तासात होतं. टर्की बाहेर काढल्यावर कापण्याआधी वीस-तीस मिनिटं ठेवावी लागते, तेवढ्या मोकळ्या वेळात हे आत सरकवा. दुसऱ्याकडे न्यायचं असेल तर कांदा वेगळ्या डब्यात न्या, नाहीतर वाटेत मऊ पडतो.

क्रॅनबेरी : डबा की ताजी?

पहिल्यांदाच जाणाऱ्याने क्रॅनबेरी या लाल आंबट फळाची चटणीच न्यावी. १२ औंसांची पिशवी, एक कप साखर, एक कप पाणी, दहा मिनिटं. फळं तडतडून फुटायला लागली की आच कमी करा. पातळ दिसली म्हणून आटवत बसू नका, फळात पेक्टिन भरपूर असल्याने गार झाल्यावर आपोआप आळते. करवंदासारखी आंबट-तुरट चव असल्याने आपल्याला लगेच जवळची वाटते. संत्र्याची साल किसून आणि आलं घालून बघा. तीन दिवस आधी केली तरी चालते आणि ओव्हनशी संबंध नाही.

डब्यातली जेली ताटलीत डब्याचाच आकार घेऊन उभी राहते, अंगावर पत्र्याच्या वळ्यांसकट. ती बघून नाक मुरडू नका. तिच्यावाचून सण झाल्यासारखं न वाटणारी माणसं प्रत्येक टेबलाला एक-दोन असतात.

शेवटी पाय

लाल भोपळ्याचा पाय डब्यातल्या गरापासून करायला सोपा. कडा बसल्या आणि मधोमध किंचित थरथर राहिली की बाहेर काढा, नाहीतर तडे जातात. पिकान पाय कॉर्न सिरपमुळे दणदणीत गोड लागतो आणि पिकानमुळे महागही पडतो. मी भोपळ्याला मत देईन, पण दोन्हींत अंडं आहे. अंडं न खाणाऱ्यांसाठी लोण्याच्या क्रस्टचा ॲपल पाय. तिन्ही बुधवारीच भाजून ठेवा, भोपळ्याचा आणि पिकानचा फ्रिजमध्ये. आणि बरोबरचं आइस्क्रीमही बुधवारीच आणा. गुरुवारी बरीच दुकानं बंद असतात किंवा लवकर बंद होतात.